हद्दीबाहेरची जाई

घरात जाईची वेल लावायची, हे मोजणीसाहेबांनी एका सकाळी दाढी करता करता ठरवलं. माणसाने दाढी करताना काही ठरवू नये. समोर आरशात आपलंच तोंड असतं, त्यामुळे विरोध करायला कोणी नसतं. आणि तोंडाला फेस असल्यामुळे ठरवलेलं लगेच कुणाला सांगताही येत नाही. मग ते आतल्या आत मुरतं आणि फेस धुऊन होईपर्यंत माणूस हट्टाला पेटलेला असतो.

मोजणीसाहेब हे साहेब नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. जमीन मोजणीच्या कचेरीत ते कारकून होते. दोन शेजाऱ्यांच्या जमिनींमधली हद्द नेमकी कुठून जाते यावर जी भांडणं होतात, ती सगळी फिरून फिरून त्यांच्या टेबलावर यायची. दिवसभर हद्द, हद्द आणि हद्द. त्यामुळे घरी आल्यावरही त्यांचं डोकं त्याच मापाने चालायचं. समोरच्या बिऱ्हाडाचा चपलांचा स्टँड चार बोटं पुढे आलाय, हे त्यांनी एकदा टेप लावून सिद्ध करून दाखवलं, तेव्हापासून इमारतीत त्यांना ‘मोजणीसाहेब’ म्हणत. (त्यांना तो मान वाटायचा. आपण कशाला सांगायचं?)

त्यांची बायको सरकारी इस्पितळात परिचारिका. तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणत, दूधवालासुद्धा. मोजणीसाहेबांनीही सुरुवातीला चारचौघांत दोन-तीनदा ‘आमच्या सिस्टर’ असं म्हणून पाहिलं, पण ऐकणारे भलत्याच नजरेने बघायला लागल्यावर ते सोडून दिलं.

तर झालं होतं असं, की आदल्या दिवशी सिस्टरांना कामावरून यायला संध्याकाळ झाली, त्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी स्वतःचे तळहात हुंगले. “दिवसभर फिनेल,” त्या म्हणाल्या. “कितीही साबण लावा, जात नाही. एखादी जाई असती ना घरात, तर संध्याकाळी या नाकाला जरा बरं काम मिळालं असतं.”

मोजणीसाहेब लगेच म्हणाले, की त्यात काय, लावू. त्यावर सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, “राहू द्या हो. तुमच्याने नाही व्हायचं.”

हे त्या रागाने बोलल्या असत्या तर साहेबांनी सोडून दिलं असतं. पण त्या अगदी सहज बोलल्या, बाहेर ऊन आहे हे सांगावं तशा. आणि खोटं काय होतं त्यात? दिवाणखान्यात पुस्तकांची फळी लावतो म्हणून साहेबांनी भिंतीला भोकं पाडली होती, त्या भोकांवर गेली कित्येक वर्षं कॅलेंडर लटकत होतं. नळाचा वॉशर बदलतो म्हणून नळ उघडला होता, तो शेवटी प्लंबरने येऊन बंद केला, आणि जाताना ‘यापुढे हात लावू नका’ असं बजावून गेला. लग्न झाल्यापासून या बाईने आपल्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि त्याचं कारण तिला काही नको असतं हे नसून, मागून मिळेल असं तिला वाटत नाही हे आहे, हा उजेड साहेबांच्या डोक्यात दाढीच्या वेळी पडला. तो उजेड त्यांना फार झोंबला. ही एक गोष्ट आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुणाची मदत न घेता करायची, आणि पहिलं फूल स्वतःच्या हाताने तिच्या ओंजळीत ठेवायचं, अशी त्यांनी मनाशी गाठ मारली.

रोपवाटिकेतल्या माणसाने एकच प्रश्न विचारला: “ऊन आहे का?”

“भरपूर,” साहेब म्हणाले. त्या वेळी ते रोपवाटिकेत उभे होते आणि तिथे ऊन खरोखरच भरपूर होतं.

त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीसमोर एका गोदामाची उंच भिंत होती. सकाळी थोडा वेळ एक उन्हाचा पट्टा गॅलरीच्या कठड्यावर येऊन टेकायचा आणि चुकीच्या घरी आल्यासारखा निघून जायचा. पण साहेबांचं लक्ष कुंडीकडे होतं. कुंडीची रुंदी, खोली, काठाची जाडी, सगळं त्यांनी टेपने मोजून घेतलं. फक्त तळाला भोक आहे की नाही, हे बघायचं राहिलं. पहिल्या आठवड्यात पाणी कुठूनच बाहेर पडेना. कुंडी अगदी मजबूत आहे, एक थेंब गळत नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं, तेव्हा सिस्टर पोळपाट-लाटणं सोडून बाहेर आल्या, चिखलात बुडालेल्या रोपाकडे त्यांनी वॉर्डातल्या पेशंटकडे बघावं तसं बघितलं आणि परत गेल्या. साहेबांनी मग रोप बाहेर काढून तळाला भोक पाडलं. (भोकं पाडण्यात त्यांचा हातखंडा होता.) माती, वाळू आणि शेणखत पुन्हा भरलं, भोकावर खापरीचा तुकडा ठेवला आणि वेलीला चढायला सुतळी वरपर्यंत ताणून बांधली.

वेल जगली. नुसती जगली नाही, तर तिने सुतळी धरली आणि सरसर वर निघाली. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. कचेरीत शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारे एक गृहस्थ बसत, ‘नकाशेवाले’, साहेबांचे जुने दोस्त; त्यांना रोज सकाळी वेलीचा अहवाल ऐकावा लागायचा. आज एवढी वाढली, काल तेवढी वाढली. नकाशेवाल्यांनी एकदाच विचारलं, की फुलं कधी येणार? साहेब म्हणाले, आधी वाढू तर दे.

वेल वाढली, छताला पोचली, छताच्या कडेवरून तिने वर मान वळवली आणि दिसेनाशी झाली. खाली राहिलं काय, तर बोटाएवढं जाड खोड, चार पिवळी पानं आणि सुतळी. साहेब रोज सकाळी चष्मा लावून त्या खोडाशी उकिडवे बसायचे आणि कुठे एखादी कळी लागतेय का हे शोधायचे. कुणी चहाचा चोथा सांगितला, तो घातला. कुणी कांद्याच्या सालींचं पाणी सांगितलं, ते घातलं. त्या पाण्याने गॅलरीला असा वास सुटला की सिस्टर म्हणाल्या, यापेक्षा आमचं फिनेल बरं.

मात्र एक गोष्ट साहेबांच्या लक्षात आली होती. आताशा सिस्टरांचा मूड चांगला असायचा. सकाळची ड्यूटी करून त्या दुपारीच घरी यायच्या, साहेब संध्याकाळी. पण पूर्वी ते येईपर्यंत त्यांचा चेहरा आंबलेला असायचा, तो आता नसायचा. कधी कधी तर त्या चक्क गुणगुणायच्या. साहेबांनी याचं श्रेय कुंडीला दिलं. फुलं नसली तरी हिरवळीचा परिणाम होतो म्हणतात, असं त्यांनी नकाशेवाल्यांना सांगितलं. नकाशेवाल्यांनी चार पिवळ्या पानांचं वर्णन आधीच ऐकलेलं होतं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.

मग तो शुक्रवार उजाडला. साहेब संध्याकाळी कचेरीतून परत येत होते. रस्ता ओलांडताना त्यांची सहज मान वर गेली आणि ते रस्त्याच्या मधोमध थांबले. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मग तोंडाने जे वाजवायचं तेही वाजवलं. साहेब हलले नाहीत. आपल्या गॅलरीच्या बरोब्बर वर, दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर, पांढऱ्या फुलांचा नुसता खच पडला होता. कठडा दिसत नव्हता. गोदामाच्या भिंतीवरून येणारं सगळं ऊन त्या कठड्यावर आडवं होऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात त्यांची जाई, त्यांनी हाताने लावलेली, चहाच्या चोथ्यावर वाढवलेली जाई, परक्याच्या घरी फुलली होती.

आता वरच्या मजल्यावर कोण राहतं, ते सांगायला हवं. तिथे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहत. शाळेत त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत, इमारतीतही तेच नाव. एकट्याच असत. सिस्टर आणि मोठ्या बाई यांचा अबोला होता, आणि तोही साधासुधा नव्हे. बाईंच्या नव्या चादरीचं रंगीत पाणी खाली वाळत घातलेल्या सिस्टरांच्या पांढऱ्याशुभ्र युनिफॉर्मवर गळलं होतं. सिस्टर वर जाऊन म्हणाल्या होत्या, की शाळाभर शिस्त लावलीत, चादरीला तेवढी राहिली. बाई म्हणाल्या होत्या, की पांढरं घालणाऱ्याने वर बघून घालावं. त्यानंतर दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तरी एक भिंतीकडे बघायची आणि दुसरी कठड्याकडे. आणि नेमक्या त्या घरात वेल जाऊन बसली होती.

ही गोष्ट सिस्टरांना सांगायची सोयच नव्हती. तुमच्याने नाही व्हायचं, असं ती म्हणाली होती. आता झालं तर झालं, पण ते तिच्या वैरिणीच्या घरी झालं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? साहेबांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी कचेरीत गेल्या गेल्या त्यांनी नकाशेवाल्यांपुढे प्रकरण ठेवलं.

नकाशेवाल्यांनी पेन्सिल कानामागे अडकवली आणि विचार केला. “कायद्यात काय आहे ते मला ठाऊक नाही,” ते म्हणाले, “पण मूळ तुझ्या हद्दीत आहे. वेल तुझी. तिने अतिक्रमण केलंय, एवढंच. तू आपलं अतिक्रमण सन्मानाने मागे घे.”

साहेबांना हे एकदम पटलं. त्याच संध्याकाळी दूध आणतो असं सांगून ते घराबाहेर पडले आणि जिना उतरण्याऐवजी चढले.

मोठ्या बाईंनी दार उघडलं. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा. आणि साहेबांनी, आयुष्यभर हद्दीच्या तक्रारी ऐकून घेतलेल्या माणसाने, तक्रार मांडताना जी चूक कुणी करत नाही ती केली. कशाबद्दल बोलायचंय, हेच सांगायचं विसरले.

“जरा बोलायचं होतं,” ते म्हणाले. “तिच्याबद्दल.”

मोठ्या बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे कळलं तुम्हाला.”

“कालच कळलं. रस्त्यावरून वर बघितलं, तर ती तुमच्या गॅलरीत.”

“मी तिला बोलावलं नव्हतं, हे आधी सांगते. ती आपणहून आली.”

“ते मला मान्य आहे. पण आली म्हणून ठेवून घ्यायची?”

“ठेवून कुठे घेतलंय? जरा बरं वाटतं तिला इथे,” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडे ना ऊन, ना वारा. समोर ती गोदामाची भिंत. इथे बघा कशी टवटवीत दिसते.”

हे साहेबांच्या वर्मी लागलं. टवटवी वर दाखवायची आणि काड्या खाली ठेवायच्या, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. रोज सकाळी उठून तिच्यापाशी मी बसतो, तिचं खाणंपिणं मी बघतो, म्हणाले.

“खायला घालता म्हणजे उपकार करता का?” बाईंचा आवाज चढला. “कधी तिच्याशी दोन शब्द बोलता? ती माझ्याशी बोलते. मनातलं सगळं सांगते.”

“सांगते?”

“रोज.”

इथे साहेबांना शंका यायला हवी होती. पण निवृत्तीनंतर एकटी राहणारी माणसं झाडांशी बोलायला लागतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांना बाईंची दया आली. एवढी करारी बाई, हजारो पोरांना वळण लावलं, आणि शेवटी वेळ काय यावी, तर वेलीशी गप्पा. त्यांनी आवाज मऊ केला.

“काय सांगते हो?” त्यांनी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

“सांगते, की तुम्ही मनाने चांगले आहात,” बाई म्हणाल्या. “फक्त कुठलं काम तडीला नेत नाही.”

हे मात्र साहेबांना सहन झालं नाही. बायकोने म्हटलं तर ठीक, पण वेलीनेही तेच म्हणावं? “ते काही नाही,” ते म्हणाले. “उद्या रविवार आहे. उद्या मी तिला ओढून खाली घेऊन जाणार. तिची मुळं माझ्या घरात आहेत.”

“ओढून? या वयात हे शोभतं का तुम्हाला?”

“सरळ नाही आली तर काय करणार? फार वर चढली की थोडी छाटावीच लागते.”

मोठ्या बाईंनी दाराची चौकट धरली. साहेबांना वाटलं, गुडघेदुखी असावी. त्यांनी नमस्कार केला आणि दूध न आणताच घरी परतले. दुधाचं काय झालं, असं सिस्टरांनी विचारलं, तेव्हा संपलं होतं म्हणाले. आणि त्यावर सिस्टरांनी, तुमच्या पाठोपाठ दूधवाला दारात देऊन गेला, असं सांगितलं.

रविवारी सिस्टरांची ड्यूटी होती. हल्ली रविवारी त्यांना उशीरच व्हायचा. पुढच्या पाळीच्या नर्सला चार्ज द्यायला वेळ लागतो, असं त्या सांगायच्या. साहेबांना तेच हवं होतं. बायको येईपर्यंत वेल खाली आणायची, कठड्यावर नीट पसरून ठेवायची आणि दार उघडताच फुलांसह तिच्यापुढे उभं राहायचं, असा बेत. दुपारी चहा झाल्यावर ते गॅलरीत स्टुलावर चढले, खोड दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच ओढलं.

हातभर वेल खाली आली. सोपं आहे की, साहेबांना वाटलं. त्यांनी पुन्हा ओढली. आणखी हातभर आली. तिसऱ्यांदा ओढली, तेव्हा ती आली नाही. त्यांनी जोर लावला, तर आलेली हातभर वेल परत वर गेली.

वेल अडकते हे साहेबांना माहीत होतं. वेल मागे ओढते, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी एक पाय कठड्यावर टेकवला, दात-ओठ खाल्ले आणि अंगातला सगळा जोर लावला. वरूनही तेवढाच जोर आला. एकदा वेल यांच्याकडे, एकदा तिकडे. पानं गळून डोक्यावर पडत होती. मग साहेबांच्या ध्यानात आलं, की ही मोठ्या बाईंचीच करामत. त्या वरून वेल धरून बसल्यात.

“बाई, सोडा,” ते ओरडले. “तुटेल ती.”

“तुम्ही सोडा आधी,” वरून आवाज आला.

रागावल्यावर सगळ्या बायकांचा आवाज सारखाच येतो, असं साहेबांच्या मनात आलं. मोठ्या बाईंचा आवाज थेट आपल्या बायकोसारखा येत होता.

“मुळं माझ्याकडे आहेत,” साहेबांनी हद्दीचा मुद्दा काढला.

“मग मुळं ओढा, वेल कशाला ओढता?” वरच्या आवाजाने विचारलं.

साहेबांनी उत्तरादाखल हिसका दिला. कट्कन आवाज झाला. साहेब स्टुलासह मागे गेले आणि धुण्याच्या बादलीत बसले. वरही काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. साहेबांच्या हातात वेलीचा तुटका दांडा होता, आणि बादलीत सिस्टरांचा भिजवलेला युनिफॉर्म होता.

वरच्या कठड्यावरून एक डोकं खाली डोकावलं. केसांत जाईच्या पाकळ्या अडकलेल्या, चेहरा लालबुंद. त्याच्या शेजारी दुसरं डोकं आलं, दोन चष्मे लावलेलं. पहिलं डोकं सिस्टरांचं होतं.

“अहो,” सिस्टर म्हणाल्या, “आता मात्र हद्द झाली.”

आयुष्यभर लोकांच्या हद्दी ठरवून देणाऱ्या माणसाला आपली हद्द अशी बादलीत बसून कळावी, याचं वाईट वाटतं. पण साहेबांना त्या क्षणी ते सुचलं नाही. ‘ही तिथे काय करतेय’ एवढंच त्यांना सुचलं, आणि मग कालचं सगळं बोलणं, ओळ न ओळ, त्यांच्या डोक्यात पुन्हा वाजायला लागलं. ती आपणहून आली. ती मनातलं सगळं सांगते. फार वर चढली की छाटावी लागते. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

सिस्टर खाली आल्या. आधी त्यांनी नवऱ्याला बादलीतून काढलं, पाठ, कंबर, मनगट दाबून बघितलं, हाड मोडलेलं नाही याची खात्री केली आणि मगच त्या हसायला लागल्या. ड्यूटीवरून त्या थेट वर गेल्या होत्या. मोठ्या बाई दारातच, ‘सिस्टर, तुम्ही आज इथेच राहा, साहेबांचं डोकं ठिकाणावर नाही, ते तुम्हाला छाटणार म्हणतायत’, असं सांगत होत्या, तेवढ्यात कठड्यावरची वेल सरकायला लागली. मग त्यांच्या लक्षात आलं सगळं. फुलं खाली पडायला लागली, तशी त्यांनी वेल धरली. बाईंनी मागून त्यांची कंबर धरली. शाळेत रस्सीखेच शिकवायच्या म्हणे.

साहेब हसले नाहीत. ते कुंडीजवळ बसले आणि तुटलेल्या खोडाकडे बघत राहिले. सिस्टरांनी हसणं थांबवलं.

“कधीपासून जातेस तू वर?” साहेबांनी विचारलं.

“पहिल्या फुलापासून,” सिस्टर म्हणाल्या. एके दिवशी दुपारी त्या कपडे वाळत घालत होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वरून शब्द आला होता, की सिस्टर, तुमची वेल आलीय माझ्याकडे, काय करू तिचं? तिचं काय करायचं हे ठरवायला त्या वर गेल्या, आणि चहा पिऊन खाली आल्या. मग रोजच जाऊ लागल्या. चादरीचा विषय निघालाही. बाईंनी ती चादर कधीच टाकून दिली होती.

“मला का नाही सांगितलं?”

सिस्टर त्यांच्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही रोज सकाळी चष्मा लावून इथे कळी शोधत बसायचात. मी आतून बघायचे. कसं सांगणार, की ती वर फुललीय म्हणून?”

पहिलं फूल आपल्या हाताने द्यायचं होतं, एवढंच साहेब म्हणाले. आणि तेही नीट म्हणता आलं नाही.

“वेडे आहात,” सिस्टर म्हणाल्या. “वेल कुणी लावली होती? मी रोज तिथे बसून कुणाची फुलं हुंगत होते?” आणि त्यांनी नवऱ्याच्या केसांतली पिवळी पानं एकेक करून काढली.

मुळं शाबूत होती. महिन्याभरात तुटल्या जागेच्या खालून नवे कोंभ फुटले. मग मोजणीसाहेबांनी आयुष्यातलं एक काम खरोखर तडीला नेलं. त्यांनी ती कुंडी उचलली आणि पोटाशी धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, दुसऱ्या मजल्यावर नेली. जिन्यात भेटेल त्याला कुठे निघालात हे सांगावं लागत होतं. लेक सासरी पोचवतोय, असं ते म्हणत होते, आणि त्यांचा आवाज जरा तसाच येत होता. मोठ्या बाईंच्या गॅलरीत ऊन नेमकं कुठे आणि किती वेळ पडतं, हे त्यांनी खडूने आखलं आणि कुंडी बरोबर त्या रेघेत ठेवली. कुंडीने हद्द ओलांडली, असं नकाशेवाल्यांनी ऐकलं, तेव्हा ते म्हणाले, आता याला तडजोड म्हणतात, ही आपल्या कचेरीत अजून कुणी केलेली नाही.

पुढच्या बहराला जाई अशी फुलली की रस्त्यावरचे लोक मान वर करून जायला लागले. बाईंनी साहेबांना रीतसर चहाचं आमंत्रण दिलं. गॅलरीत दोनच खुर्च्या मावत, म्हणून येताना स्टूल आणा म्हणाल्या. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, स्टूल घेऊन गेले. कठड्यापाशी, वेलीला अगदी खेटून बसले. सिस्टरांनी पहिलं फूल तोडून न घेता फांदीच पुढे वाकवली आणि म्हणाल्या, “तोडा. द्या मला.” साहेबांनी फूल तोडलं, बायकोच्या ओंजळीत ठेवलं, आणि एवढ्या दिवसांचं समाधान एका दमात आत घ्यावं म्हणून छातीभरून श्वास घेतला.

पहिल्या शिंकेला बाईंनी ‘शतायुषी व्हा’ म्हटलं. दुसरीलाही म्हटलं. पाचव्या-सहाव्या शिंकेला त्यांनी चहाचे कप आत नेले. साहेबांचे डोळे सुजले, नाक टोमॅटोसारखं झालं. सिस्टरांनी त्यांची पापणी वर करून बघितली, घसा बघितला, आणि एवढी वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाच्या थंड आवाजात निदान सांगितलं: जाईच्या फुलांचं वावडं आहे. सुदैवाने तुमच्या कुंडीला कधी फूल आलं नाही, म्हणून वाचलात.

तेव्हापासून व्यवस्था ठरून गेली आहे. दुपारी दोघी वर फुलांत बसतात. सुट्टीच्या दिवशी साहेब खाली आपल्या रिकाम्या गॅलरीत, गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून बसतात. हातात रुमाल, बाजूला सिस्टरांनी दिलेली गोळी. वारा खालच्या दिशेने वाहायला लागला, की सिस्टरांना त्यांची आठवण होते आणि त्या कठड्यावरून वाकून प्रेमाने विचारतात, “अहो, येतोय का वास?”

साहेबांचं नाक चोंदलेलं असतं. समोर फिनेलची बाटली धरली तरी कळणार नाही, इतकं. पण बायकोने एवढ्या मायेने विचारल्यावर नाही म्हणायचं, इतके ते अरसिक नाहीत. ते मान वर करून मनापासून ओरडतात, “बस्त!”

आणि मग वरून, चष्मा सावरत, मोठ्या बाईंचा आवाज येतो: “‘बस्त’ नव्हे, ‘मस्त’. पुन्हा म्हणा.”